एकाला बाहेरचं, एकाला आतलं

आमच्या घरी दारामागे एक कपाट होतं. येणारे-जाणारे त्याला चपलांचं कपाट समजायचे, आणि त्यात चपलाच असल्यामुळे ते चुकतात असंही म्हणता यायचं नाही. पण ते कपाट नव्हतं, तो रेडिओ होता. निदान रेडिओचं बाहेरचं अंग होतं. कमरेइतकं उंच, गडद लाकडाचं, पुढे सोनेरी जाळीचं कापड, वर काच आणि काचेवर कुठल्या कुठल्या शहरांची नावं. त्यातल्या काही शहरांची नावं आता बदलली आहेत, काहींचे तर देशही बदलले. काचेवर मात्र सगळं जिथल्या तिथे आहे. आत बूट.

वडील गेल्यावर दादाची आणि माझी वाटणी झाली. वाटणीची हकीकत मी सांगत नाही. ज्यांच्या घरी झाली त्यांना ती माहीतच आहे, आणि ज्यांच्या घरी अजून व्हायची आहे त्यांना आधीपासून कशाला घाबरवा? मध्यस्थ म्हणून मामा बसले होते. खाटा दोन होत्या, कपाटं दोन होती, भिंतीवरची घड्याळंसुद्धा दोन निघाली. रेडिओ एक निघाला. मामा सकाळपासून वाटून वाटून दमले होते, जेवणाची वेळ टळत होती. ते म्हणाले, "एकाला बाहेरचं, एकाला आतलं. पुढचं काय ते काढा."

एका लेकरावर दोन आया हक्क सांगतात आणि राजा म्हणतो की अर्धं अर्धं करा, ही गोष्ट सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. त्यात खरी आई ओरडते. आमच्याकडे कोणीच ओरडलं नाही. दादा मोठा, तो म्हणेल की राहू दे, धाकट्याला द्या, म्हणून मी गप्प बसलो. दादा का गप्प बसला ते मला माहीत नाही. मामांनी क्षणभर दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि स्क्रू-ड्रायव्हर मागवला. मला खोकं आणि काच मिळाली. दादाला यंत्र, स्पीकर आणि मागचा पुठ्ठा मिळाला. बटणं चार होती, ती दोन-दोन. आवाजाचं बटण माझ्याकडे आलं, स्टेशनचं दादाकडे गेलं. मामांच्या निःपक्षपातीपणाबद्दल आजही नातेवाइकांत आदरानं बोललं जातं.

त्या दिवसापासून आम्ही भाऊ एकमेकांशी बोललो नव्हतो. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं. झालंच नाही, त्यामुळे मिटवायचं काय हा प्रश्न राहिला.

वाटणीत आईही आली. अर्धं वर्ष माझ्याकडे, अर्धं दादाकडे. ने-आण करायला एक ठरलेला टॅक्सीवाला आहे. तो आईची पिशवी उचलतो, तिला हात धरून बसवतो आणि पलीकडे पोचवतो. त्याला दोन्ही घरी चहा मिळतो. आम्हा सख्ख्या भावांना तो एकमेकांकडे मिळत नव्हता, याचं त्यालाच जास्त वाईट वाटायचं असं माझी बायको म्हणते.

तर आईचे कान. ते गेली काही वर्षं एकेक आवाज सोडत चालले आहेत. आधी पाखरं गेली, मग दारावरची घंटा, मग सूनबाई. (सूनबाई खरोखरच ऐकू येत नाही की ते सोयीचं आहे, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत.) कानाच्या डॉक्टरांनी या खेपेला स्पष्टच सांगितलं, "वरच्या पट्टीतलं सगळं गेलंय. जाड, घुमणारं तेवढं अजून येतं. तेही फार काळ येणार नाही." आम्ही कानात घालायचं यंत्र आणलं. आईनं ते एक दिवस लावलं, "यात सगळे डब्यात तोंड घालून बोलतात," असं म्हणाली आणि डबीत ठेवून दिलं.

त्यानंतर एकदा दुपारी ती चपला काढायला म्हणून दारामागे गेली ती बराच वेळ आलीच नाही. जाऊन पाहतो तर खोक्यावर तळहात टेकून उभी. म्हणाली, "हा लाव ना रे एकदा. याचं मला ऐकू येईल. हा नुसता कानात नाही बोलत, हाताला लागतो."

मी ओरडून सांगणार होतो की आई, यात काही नाही, आतलं दादाकडे आहे. पण ते तिला कशाला सांगायचं? वाटणीच्या वेळी ती तिथेच बसली होती. मी मान डोलावली. ती म्हणाली, "सावकाश लाव. तापायला वेळ लागतो त्याला." आईचे कान पुरते मिटायच्या आत हा रेडिओ बोलता करायचा, असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

"सरळ दादांना फोन करा," बायको म्हणाली.

बायकांना प्रश्न सोपे करून टाकायची फार वाईट सवय असते. इतकी वर्षं न बोललेल्या माणसाला एकदम फोन करून काय म्हणायचं? 'हॅलो, तुझं आतलं दे'? मी म्हणालो, "कारखान्यात तसं एकच यंत्र थोडंच बनलं असेल? दुसरं मिळेल. मी मिळवीन." या वाक्यानंतर माझ्या आयुष्यातली शांतता संपली.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांना सगळी इमारत 'सल्लागार' म्हणते. मी बूट बाहेर काढत असतानाच ते जिन्यावरून उतरले, थांबले, आणि रेडिओ दुरुस्त होणार हे ऐकून गंभीर झाले. "परवाना आहे?" त्यांनी विचारलं.

"कसला?"

"रेडिओचा. पूर्वी लागायचा. वडिलांच्या नावावर असेल. ते गेले म्हणजे परवानाही गेला. उद्या कोणी विचारलं तर?"

दुसरा कोणी असता तर त्यानं हसून सोडून दिलं असतं. पण मी विमा कंपनीत जन्मभर दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढत आलो. 'उद्या कोणी विचारलं तर' हे शब्द कानावर पडले की मला झोप लागत नाही. मी रजा काढून, पूर्वी हा परवाना जिथून मिळायचा त्या कार्यालयात गेलो.

खिडकीतल्या बाईंनी माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हा परवाना केव्हाच बंद झाला, काका."

"म्हणजे आता लागत नाही?"

"नाही."

"मग तसं लिहून द्या."

"लिहून द्यायला तो विभाग असायला हवा ना. विभागच बंद झालाय."

"मग तो विभाग बंद झाल्याचं लिहून द्या."

बाईंनी मला साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी चष्मा वर केला. "लागत नाही असं सगळ्या जगाला माहीत असताना तुम्हालाच लेखी का हवंय? कुठल्या प्रकारचं यंत्र आहे हे? प्रक्षेपण करतं?" मी सांगितलं की ते काहीच करत नाही, त्यात चपला आहेत. साहेबांनी माझं नाव आणि पत्ता उतरवून घेतला. पुढे एक गृहस्थ खरोखरच घरी येऊन खोक्यात डोकावून गेले. आत बायकोच्या सपाता पाहून त्यांनी शेरा मारला की 'आक्षेपार्ह काही आढळले नाही'. हे वाक्य मात्र ते लेखी देऊन गेले. ते मी जपून ठेवलं आहे.

जुन्या बाजारात एका गल्लीच्या टोकाला रेडिओ दुरुस्तीचं एकच दुकान उरलं आहे. त्याचा मालक स्वतःला 'सर्जन' म्हणवून घेतो. मी फोटो दाखवताच त्यानं विचारलं, "पेशंट कधीपासून असा आहे?"

"कसा?"

"धड आहे, जीव नाही."

मी वाटणीचं सांगितलं नाही. यंत्र हरवलं म्हणालो. "इतकं मोठं यंत्र हरवलं?" असं म्हणून त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी अजून विसरलेलो नाही. मग त्यानं व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओतल्या तापणाऱ्या काचेच्या नळ्या, म्हणजे काय, हल्ली ते का मिळत नाहीत आणि हल्लीची माणसं कशी बिघडली आहेत, या तिन्ही विषयांवर व्याख्यान दिलं. शेवटी म्हणाला, "याच कंपनीचं यंत्र मिळणं कठीण. पण काळजी करू नका, दुसरं बसवू. शरीर ओळखणारसुद्धा नाही."

शरीरानं ओळखलं. सर्जननं पाठवलेलं यंत्र खोक्यापेक्षा वीतभर रुंद निघालं. ते आत जाईना, म्हणून ते बाहेरच ठेवून तारा आत नेल्या. सर्जन स्वतः आला होता. त्यानं हात पुसले, "बिस्मिल्ला करा," म्हणाला, आणि मी कळ दाबली. आधी निळसर उजेड दिसला. मग कडाड असा आवाज झाला आणि सगळ्या इमारतीची वीज गेली. सोसायटीचे सेक्रेटरी त्या वेळी लिफ्टमध्ये होते. दोन मजल्यांच्या मधे. ते आतून जे बोलत होते ते लिफ्टच्या खड्ड्यात घुमून फार स्पष्ट ऐकू येत होतं. आईलाही ऐकू आलं. "लागला वाटतं," ती समाधानानं म्हणाली.

सर्जन घाम पुसत म्हणाला, "ऑपरेशन यशस्वी झालं होतं. वायरिंग दगावलं."

दुसऱ्या दिवशी नोटीस लागली. 'काही सभासद घरात विघातक प्रयोग करत असल्याचे निदर्शनास आले आहे.' काही सभासद म्हणजे मी एकटाच. त्या अनेकवचनाचाही मला राग आला. तीस बिऱ्हाडांच्या इमारतीत आजवर माझ्याविरुद्ध एक शब्द निघाला नव्हता, आणि आता जिन्यात मुलं मला वाट देऊन बाजूला उभी राहायला लागली.

त्याच संध्याकाळी सल्लागार आले. परवान्यामुळे मला झालेल्या त्रासाबद्दल त्यांना मुळीच वाईट वाटत नव्हतं; सल्ला देणाऱ्यानं मागे वळून पाहायचं नसतं. म्हणाले, "अहो, एक ब्लूटूथ स्पीकर घ्या, आत ठेवा, मोबाइलवरून बातम्या लावा. आईंना काय कळणार आहे?"

मला हे पटायला नको होतं. पण मी दमलो होतो. बूट होते तिथे स्पीकर ठेवला, आवाज पूर्ण केला आणि आईला हात धरून आणलं. तिनं तळहात लाकडावर टेकला, डोळे मिटले. बातम्या संपून हवामान सुरू झालं तरी ती तशीच. मग हात काढून घेत म्हणाली, "हा आपला नाही. हा आतून पोकळ आहे."

आणि मग माझ्या पाठीवरून हात फिरवत, "असू दे हो. प्रयत्न केलास." तेवढ्यावर मी बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. आईला फसवायला निघालो होतो आणि तीच माझी समजूत घालत होती. मला माझी मनापासून लाज वाटली.

मी पुन्हा सर्जनकडे गेलो आणि सांगितलं की याच रेडिओचं, याच कंपनीचं यंत्र पाहिजे, दुसरं कुठलंही नको. सर्जन चहा पीत होता. "तसं एक आहे," तो म्हणाला. "पण ते विकणार नाहीत. त्यांचं उलटं आहे. यंत्र आहे, खोकं नाही. वर्षभर माझ्याकडे चकरा मारतायत. मी म्हटलं, लाकडाची पेटी करून देतो, तर म्हणाले नको, त्याच्यातच वाजलं पाहिजे. म्हातारी आई आहे म्हणे, तिला ऐकायचंय." चहाचा कप खाली ठेवून तो माझ्याकडे निरखून पाहायला लागला. "नाक तुमच्यासारखंच आहे हो त्यांचं."

मी बाकावर बसलो. वर्षभर. म्हणजे आई त्याच्याकडे असतानाही हेच म्हणाली होती. तिथे तिनं हात कशावर टेकला असेल?

इथे शहाण्या माणसानं काय केलं असतं ते मला कळतं. मी सर्जनला म्हणालो, "त्यांना विचारा, यंत्र देताय का?"

चार दिवसांनी उत्तर आलं. "ते विचारतायत, खोकं देताय का?"

"त्यांना सांगा, खोकं माझं आहे."

"ते म्हणतायत, यंत्र त्यांचं आहे." मग सर्जन चिडला. "ते आणखी म्हणाले, 'मी खोकं शोधतोय, माणसं नाही.' हे बघा साहेब, मी रेडिओचा सर्जन आहे. तुमच्या दोघांचा आजार माझ्या लाइनीतला नाही."

'माणसं नाही' हे माझ्या फार जिव्हारी लागलं. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती पोळी लाटता लाटता शांतपणे म्हणाली, "तुम्ही तरी काय शोधत होतात?"

तेवढ्यात आईची जायची वेळ आली. तिची पिशवी भरली गेली, टॅक्सीवाल्याला निरोप गेला. पुढच्या खेपेला ती परत माझ्याकडे येईल तेव्हा तिच्या कानांत काय शिल्लक असेल, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. ती दारात चपला घालताना सवयीनं खोक्याला धरून उभी राहिली, आणि मी टॅक्सीवाल्याला म्हणालो, "तू जा. आज टेम्पो बोलवतो."

आता एक गोष्ट मी नीट समजावून सांगतो, कारण नातेवाइकांत तिचा विपर्यास झाला आहे. मी दादाकडे गेलो नाही. खोकं गेलं. ते उंच, टेम्पो उघडा, रस्त्यात खड्डे. मागे कोणीतरी धरून बसणं भाग होतं. आई पुढे ड्रायव्हरशेजारी, मी मागे खोक्याला मिठी मारून. खोकं दारात उतरवायचं आणि त्याच टेम्पोनं परत यायचं, असा माझा बेत होता. बायकोनं निघताना माझा चांगला शर्ट पुढे केला. खोकं धरायला चांगला शर्ट कशाला, असं मी विचारलं आणि तो घातला.

दार वहिनीनं उघडलं. तिनं आईला पाहिलं, मला पाहिलं, खोकं पाहिलं आणि आत गेली. मग दादा आला. केस पार गेले होते. बनियनवर होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. काय बोलायचं याची मी इतक्या वर्षांत बरीच तयारी केली होती, त्यातलं काही आठवेना. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, धरताय ना? मला दुसरं भाडं आहे."

दादानं पुढे येऊन दुसरी बाजू धरली.

"उंबऱ्याला घासेल," तो म्हणाला. "तिरकं घे."

"तिरकं घेतलं की काच भिंतीला लागेल."

"लागत नाही. मी बघतोय ना. तू मागे ये."

"मागे खुर्ची आहे."

"अगं, खुर्ची काढ! हां, आता खाली. सावकाश. बोट सांभाळ."

जड सामान उचलताना माणसाला अबोला पाळता येत नाही. खोकं खोलीत टेकलं तेव्हा आम्ही दोघं धापा टाकत होतो आणि टेम्पो निघून गेला होता.

यंत्र दादानं पांढऱ्या चादरीखाली झाकून ठेवलं होतं. धूळ नव्हती त्यावर. सर्जनकडून एकेक व्हॉल्व्ह मिळवून त्यानं ते उजळ केलं होतं. आम्ही ते आत सरकवलं. खट्कन बसलं, एक केसभर फट राहिली नाही. मी खिशातून माझी दोन बटणं काढली. त्यानं खणातून त्याची दोन काढली. आईला खुर्ची दिली. ती अगदी जवळ बसली, तळहात लाकडावर, डोळे मिटलेले. दादानं कळ दाबली आणि आम्ही थांबलो, कारण तापायला वेळ लागतो. काचेमागे पिवळा उजेड आला. जुन्या धुळीचा तापल्यावर येतो तो वास आला. मला वडील आठवले, आणि दादालाही आठवले असावेत, कारण त्यानं नाक ओढलं.

मग खरखर सुरू झाली.

दादानं काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. काचेवरची सगळी शहरं ओलांडली. सगळीकडे खरखर. कुठेही माणूस नाही.

"एरियल पाहिजे," मी म्हणालो.

"एरियल लावलीय. तुझ्या खोक्यात ओल शिरलीय. चपला ठेवतोस ना त्यात? ऐकलंय मी."

"खोक्याचा काय संबंध? खोकं काय स्टेशन पकडतं? तुझ्याच यंत्रात—"

"यंत्राला नाव ठेवू नकोस. वर्ष घातलंय मी त्यात."

"अहो, ती स्टेशनं बंद झालीत," वहिनी दारातून म्हणाली. "या पट्टीवर आता कोणी बोलतच नाही. पेपरात आलं होतं." पण तोवर आमचं तिच्याकडे लक्ष राहिलं नव्हतं.

"वर्ष घातलंस, मग एक फोन करता आला नाही?" मी म्हणालो.

"तुला आला?"

"तू मोठा आहेस!"

"मोठा आहे म्हणूनच! त्या दिवशी मामांनी स्क्रू-ड्रायव्हर मागवला, तेव्हा एकदा तरी म्हणालास, दादा, राहू दे, तू घे? मी वाट बघत बसलो होतो. तू म्हणाला असतास ना, तर मी सगळा तुलाच देणार होतो!"

"आणि मी वाट बघत होतो, तू म्हणशील म्हणून!"

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"तू का नाही बोललास?"

आमचे आवाज चढले होते. दोघांचेही आवाज वडिलांसारखे, जाड. यंत्र खरखरत होतं, खोक्याचं लाकूड थरथरत होतं, आणि मला रडू येत होतं म्हणून मी जास्तच ओरडत होतो. तेवढ्यात आईनं डोळे न उघडता दुसरा हात वर केला, लहानपणी बातम्या सुरू झाल्या की आम्हाला गप्प करायला करायची तसा. आम्ही थांबलो.

"का रे बंद केलंत?" ती म्हणाली. "चांगलं स्पष्ट येत होतं. दोघं जण बोलत होते, एकूण एक शब्द कळत होता." लाकडावरचा तिचा हात तिथेच होता. "लावा परत. आणि आवाज थोडा वाढवा."

तिला खरोखर तसं वाटलं, की तिला सगळं कळत होतं, ते मी अजूनही सांगू शकत नाही. दादानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. मग आम्ही दोघं तिच्या खुर्चीजवळ सरकलो, खोक्याला टेकून बसलो, आणि आणखी मोठ्यानं भांडायला लागलो.